दोन जीटीओ आणि न झालेली शर्यत : एका आकड्याची चिकित्सा

१/
मार्च १९६४. अमेरिकेतील ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाच्या मुखपृष्ठावर दोन मोटारी शर्यतीत एकमेकींना भिडलेल्या दिसतात. एक इटलीची फेरारी २५० जीटीओ आणि दुसरी अमेरिकेची पॉन्टियाक जीटीओ. मुखपृष्ठावर छायाचित्र नाही, चित्रकाराने काढलेले चित्र आहे. त्याचे कारण साधे आहे : ही शर्यत कधी झालीच नाही. तरीही न झालेल्या या सामन्याने मोटारींच्या इतिहासाला वळण दिले. त्या सामन्याची आणि त्यात छापल्या गेलेल्या एका आकड्याची ही कथा. #धागा

२/
वेगवान मोटारींची तुलना निघाली की आज पहिला प्रश्न ‘शून्य ते शंभर किती सेकंदांत?’ हा असतो. अमेरिकेत हेच माप शून्य ते ६० मैल, म्हणजे साधारण ९६.६ किलोमीटर प्रतितास, असे घेतात. हा आकडा वस्तुनिष्ठ वाटतो. घड्याळ खोटे बोलत नाही, अशी आपली समजूत असते. परंतु घड्याळ कोणाच्या हातात होते, गाडी कोणी पाठवली होती आणि तिच्या बॉनेटखाली नेमके काय होते, हे प्रश्न आकड्याच्या आधी विचारावे लागतात. बखर वाचताना जी सावधगिरी बाळगतात, तीच इथेही लागते.

३/
प्रथम फेरारी. १९६२ पासून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे ‘एफआयए’ने, उत्पादकांच्या अजिंक्यपदासाठी ग्रँड टूरिंग, अर्थात ‘जीटी’ मोटारींना प्राधान्य द्यायचे ठरवले. जीटी म्हणजे रस्त्यावरही चालवता येईल अशी वेगवान मोटार. ती केवळ शर्यतीपुरती बनवलेली नसावी, म्हणून सलग १२ महिन्यांत किमान १०० गाड्या बांधल्याशिवाय तिला मान्यता मिळत नसे. या मान्यतेला इटालियन भाषेत ‘ओमोलोगात्सिओने’ म्हणतात. ‘जीटीओ’मधला ‘ओ’ तिथून आला : ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो, म्हणजे मान्यताप्राप्त जीटी.

४/
१९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वारची ई-टाइप अवतरली आणि फेरारीच्या गोटात चिंता पसरली. जोत्तो बिझ्झारिनी या अभियंत्याकडे नव्या गाडीचे काम आले. परंतु १९६१ च्या अखेरीस कंपनीत मोठी फूट पडली. बिझ्झारिनी, कार्लो कीती आणि इतर काही वरिष्ठ मंडळी एकदमच बाहेर पडली. अर्धवट राहिलेले काम माउरो फोर्गिएरी या अवघ्या २६ वर्षांच्या अभियंत्याच्या हाती आले. त्याने ते तडीस नेले. अॅल्युमिनियमचे कवच मोडेना येथील स्काल्येत्तीच्या कारखान्यात हाताने ठोकून घडवले गेले. फेब्रुवारी १९६२ मध्ये गाडी पत्रकारांपुढे आली.

५/
तिची रचना अशी : पुढे १२ सिलिंडरचे २,९५३ घनसेंटिमीटरचे इंजिन, सहा दुहेरी वेबर कार्ब्युरेटर, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. प्रत्येक सिलिंडरची क्षमता सुमारे २५० घनसेंटिमीटर, म्हणून नावात ‘२५०’. शक्ती सुमारे ३०० अश्वशक्ती, तीही मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांच्या आसपास. कोरडे वजन एका टनाहून कमी. हे इंजिन उंच फेऱ्यांवर फिरवत ठेवले तरच खुलत असे. खालच्या फेऱ्यांवर ते तुलनेने मवाळ होते.

६/
आता गोम. नियम १०० गाड्यांचा होता; फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात मिळून २५० जीटीओ बांधल्या फक्त ३६. मग मान्यता कशी मिळाली? आधीच्या २५० जीटी बर्लिनेत्ता या गाडीला मान्यता होतीच. नवी गाडी स्वतंत्र नसून तिचीच सुधारित आवृत्ती आहे, केवळ कवच बदलले आहे, असा दावा फेरारीने केला आणि महासंघाने तो मान्य केला. प्रत्यक्षात चौकट, इंजिनाचे वंगण, गिअरपेटी असे बरेच काही बदललेले होते. ज्या गाडीच्या नावातच ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द आहे, तिची मान्यता नियमाच्या फटीतून आली होती.

७/
मैदानावर मात्र तिने कोणतीही उधारी ठेवली नाही. १९६२ च्या सेब्रिंग १२ तासांच्या शर्यतीत फिल हिल आणि ओलिव्हिए जाँद्बियाँ यांनी तिला एकूण क्रमवारीत दुसरे स्थान मिळवून दिले. १९६२ आणि १९६३ च्या ल माँ २४ तासांच्या शर्यतीतही ती एकूण दुसरी व जीटी गटात पहिली आली. १९६२, १९६३ आणि १९६४ अशी सलग तीन वर्षे मोठ्या इंजिनांच्या जीटी गटाचे अजिंक्यपद फेरारीकडे राहिले.

८/
या गाडीचे ‘शून्य ते ६०’ किती, या प्रश्नाला मात्र एकच उत्तर देता येत नाही. शर्यतीच्या मार्गानुसार तिच्या मागच्या अक्षाचे दंतगुणोत्तर बदलले जाई. ल माँच्या लांबलचक सरळ रस्त्यासाठी उंच गुणोत्तर, म्हणजे कमाल वेग जास्त पण सुटण्याची गती कमी. चढउताराच्या आणि वळणांच्या मार्गासाठी त्याच्या उलट. एकच गाडी दोन शर्यतींत दोन वेगळे आकडे देऊ शकत होती. शिवाय थांबलेल्या अवस्थेतून झेप घेणे हे तिचे काम नव्हतेच. वळणातून लवकर बाहेर पडणे, उशिरा ब्रेक लावणे आणि हे २४ तास न थकता करणे, यासाठी ती बांधलेली होती.

९/
आता अमेरिका. जनरल मोटर्सचा पॉन्टियाक हा विभाग १९५० च्या दशकात वयस्कर, सावध गिऱ्हाइकांसाठी ओळखला जाई. १९५६ मध्ये सेमन ‘बंकी’ नुडसन त्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी हे चित्र बदलायला घेतले. साधन एकच : शर्यती. १९६१ आणि १९६२ मध्ये नॅस्कारच्या मैदानांवर पॉन्टियाकने वर्चस्व गाजवले. तरुण ग्राहक विक्रीदालनांत येऊ लागला.

१०/
जानेवारी १९६३ मध्ये या घोडदौडीला लगाम बसला. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून बाहेर पडण्याचा आदेश दिला. मोटार उत्पादकांच्या संघटनेने असाच ठराव १९५७ मध्येही केला होता. पण तेव्हा अनेकांनी मागच्या दाराने शर्यती चालूच ठेवल्या. या वेळी आदेश कठोर होता. ज्या विभागाची सारी प्रतिमा शर्यतीवर उभी होती, त्याला आता वेग मैदानाबाहेर, सामान्य रस्त्यावर विकायचा होता.

११/
मार्ग एका तांत्रिक योगायोगातून सापडला. पॉन्टियाकचे मुख्य अभियंता होते जॉन डिलोरियन. त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स यांच्या लक्षात आले की, मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत बसणारे ३२६ घनइंचाचे इंजिन आणि मोठ्या गाड्यांतले ३८९ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, इंजिन बाहेरून सारख्याच मापाचे आहे. धरून ठेवणारे आधारही तेच. मोठे इंजिन छोट्या गाडीत विनासायास बसत होते. पॉन्टियाकची ही इंजिने बाहेरून एकमेकांसारखी दिसतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी. कथेत ती पुन्हा येणार आहे.

१२/
अडचण होती ती कंपनीच्या नियमाची. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठे इंजिन घालण्यास मनाई होती. नव्या मॉडेलला वरिष्ठ समितीची मंजुरी लागे. पण ग्राहकाने मागितलेल्या जादा ‘पर्यायाला’ ती लागत नसे. म्हणून जीटीओ हे मॉडेल म्हणून आणलेच नाही. टेम्पेस्ट लमान्स गाडीवर २९५ डॉलरच्या आसपास किमतीचा एक पर्याय, अशी त्याची नोंद झाली. ल माँ या फ्रेंच मैदानाचे नाव तर त्या गाडीला आधीच दिलेले होते! विभागप्रमुख पीट एस्टेस यांनी पाठबळ दिले आणि वरिष्ठांना कळेपर्यंत विक्रेत्यांच्या मागण्या येऊ लागल्या होत्या.

१३/
नाव डिलोरियन यांनी थेट फेरारीकडून उचलले. पॉन्टियाकची गाडी कोणत्याही महासंघाने ‘मान्य’ केलेली नव्हती, ती शर्यतीसाठी नव्हतीच. युरोपीय मोटारींच्या चाहत्यांना हा शुद्ध उद्धटपणा वाटला. पण त्या चिडण्यातच जाहिरात होती. ज्या तरुणाने फेरारीचे फक्त नाव ऐकले होते, त्याला तीच तीन अक्षरे आता शेजारच्या विक्रीदालनात मिळत होती.

१४/
कागदावर दोघींची तुलना अशी दिसते. पॉन्टियाक : आठ सिलिंडर, ६.४ लिटर, ३२५ अश्वशक्ती, आणि तीन कार्ब्युरेटरांच्या जादा जोडणीसह ३४८. वजन दीड टनाहून जास्त, ब्रेक ड्रमचे, मूळ किंमत तीन हजार डॉलरच्या आत. फेरारी : बारा सिलिंडर, तीन लिटर, सुमारे ३०० अश्वशक्ती, वजन एका टनाहून कमी, ब्रेक डिस्कचे, किंमत अमेरिकेत सुमारे १८ हजार डॉलर. शिवाय फेरारी कोणाला विकायची, हे एन्झो फेरारी आणि त्यांचे अमेरिकेतील आयातदार लुइजी किनेत्ती ठरवत. पैसे असून भागत नसे.

१५/
अश्वशक्तीचे आकडेही एकाच तागडीत तोलता येत नाहीत. अमेरिकी कंपन्या त्या काळी ‘ढोबळ’ अश्वशक्ती जाहीर करत. इंजिन चाचणीच्या चौकटीवर ठेवायचे, हवेची गाळणी, नेहमीचा सायलेन्सर, पंखा वगैरे भार काढून टाकायचा आणि मोजायचे. गाडीत बसवल्यावर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती त्याहून बरीच कमी असे. १९७२ पासून अमेरिकेत ‘निव्वळ’ अश्वशक्ती जाहीर करण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा त्याच जातीच्या इंजिनांचे आकडे कागदावर एकाएकी खाली आले.

१६/
पॉन्टियाकचे विक्रीप्रमुख फ्रँक ब्रिज यांचा अंदाज पाच हजार गाड्यांचा होता. गाडी लोकांपुढे नेण्याची जबाबदारी जिम वँगर्स या जाहिरात क्षेत्रातील माणसावर आली. वँगर्स केवळ जाहिरातवाले नव्हते. १९६० मध्ये त्यांनी स्वतः पॉन्टियाक चालवून राष्ट्रीय ड्रॅग शर्यतीत आपल्या गटाचे विजेतेपद पटकावले होते. ड्रॅग शर्यत म्हणजे पाव मैलाच्या, सुमारे ४०२ मीटरच्या, सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांची थांबल्या जागेवरून झुंज. सुटण्याची गती कशी वाढवावी आणि ती कोणाला दाखवावी, या दोन्ही विद्या त्यांना अवगत होत्या.

१७/
‘कार अँड ड्रायव्हर’लाही त्या वेळी लक्ष वेधून घ्यायचे होते. डेव्हिड ई. डेव्हिस हे संपादक मासिकाला धीट, वादप्रिय वळण देत होते. दोन जीटीओंचा सामना, ही कल्पना संपादक आणि पॉन्टियाक या दोघांनाही हवीशी होती. पॉन्टियाकने दोन गाड्या पुरवल्या. फेरारी मात्र मिळाली नाही. शर्यत जिंकणारी, मोजक्या संख्येतील गाडी मासिकाच्या खेळासाठी कोण पणाला लावणार? म्हणून तुलना झाली ती एका चाचणी घेतलेल्या गाडीची आणि एका फक्त ऐकीव माहितीवरच्या गाडीची.

१८/
मासिकाने पॉन्टियाकचे आकडे छापले : शून्य ते ६० मैल ४.६ सेकंदांत, शून्य ते १०० मैल ११.८ सेकंदांत. १९६४ मध्ये हे आकडे चक्रावून टाकणारे होते. लेखाचा निष्कर्ष त्याहून धाडसी : सरळ पट्ट्यावर पॉन्टियाक फेरारीला हरवेल आणि थोडे फेरफार केले तर वळणांच्या मैदानावरही मागे टाकेल. वाचकांनी तपशील विसरला, चित्र आणि आकडा लक्षात ठेवला. बखरीचेही असेच होते. प्रसंग उरतो, कोणी पाहिला हे गळून पडते.

१९/
समकालीन दुसरी साधने काय सांगतात? ‘मोटर ट्रेंड’ मासिकाने चार कप्प्यांच्या एकाच कार्ब्युरेटरची, उघड्या टपाची पॉन्टियाक जीटीओ तपासली. तिला ६० मैलांपर्यंत पोचायला ७.७ सेकंद लागले. ही गाडी थोडी जड आणि कमी शक्तीची होती, हे मान्य. पण फरक ३.१ सेकंदांचा आहे. एकाच नावाच्या दोन गाड्यांत तीन सेकंदांची तफावत केवळ छपरामुळे आणि कार्ब्युरेटरमुळे पडत नाही.

२०/
आता साधे शालेय भौतिकशास्त्र वापरून आकडा तपासता येतो. ६० मैल प्रतितास म्हणजे सेकंदाला २६.८ मीटर. हा वेग ४.६ सेकंदांत गाठायचा तर सरासरी त्वरण ५.८ मीटर प्रति सेकंद वर्ग हवे, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ५९ टक्के. ही गाडी फक्त मागच्या चाकांनी ढकलली जाते आणि जड इंजिन पुढे आहे. जोरात सुटताना भार मागे झुकतो, हे धरून समजा ५५ टक्के वजन मागच्या चाकांवर आले. तर टायर आणि रस्ता यांतील घर्षणगुणांक किमान १.०८ असावा लागतो. तोही गिअर बदलताना एक क्षण न गमावता.

२१/
त्या काळच्या रस्त्यावरच्या टायरांची पकड याच्या बरीच खाली होती. अमेरिकेत रेडियल टायर अजून रुळले नव्हते. बायस-प्लाय जातीचे अरुंद टायर सर्रास वापरात होते. ‘मोटर ट्रेंड’चे ७.७ सेकंद याच हिशेबात घातले तर आवश्यक घर्षणगुणांक ०.६५ येतो, आणि तो साध्या टायरांना साजेसा आहे. म्हणजे एक आकडा दुकानातल्या गाडीचा वाटतो आणि दुसरा शर्यतीचे रबर चढवलेल्या गाडीचा.

२२/
चाचणीत ‘स्लिक’ म्हणजे गुळगुळीत शर्यतीचे टायर वापरल्याचे उल्लेख आहेतच. शिवाय गाडीवर मिशिगनमधील रॉयल ओक येथील ‘रॉयल पॉन्टियाक’ या विक्रेत्याची ‘बॉबकॅट’ जुळवणी केली होती, असे सांगितले गेले. प्रज्वलनाची वेळ, कार्ब्युरेटरचे छिद्र, गॅस्केटची जाडी अशा बारीक बदलांचा तो संच होता. तो कोणालाही विकत मिळे. इथवर गोष्ट फारशी आक्षेपार्ह नाही. मासिकाचा वाचकही इतके समजून घेई.

२३/
खरी गोष्ट त्याखाली दडली होती. चाचणीच्या गाडीत ३८९ घनइंचाचे इंजिन नव्हतेच. तिथे मोठ्या पॉन्टियाक गाड्यांतले ४२१ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ६.९ लिटरचे इंजिन बसवलेले होते. जीटीओबरोबर ते ग्राहकाला मिळत नसे. मासिकाच्या माणसांना ओळखू का आले नाही? कारण बिल कॉलिन्स यांना जे लक्षात आले होते तेच : ही इंजिने बाहेरून सारखीच दिसतात. ज्या साम्यामुळे जीटीओ जन्माला आली, त्याच साम्याने तिची लबाडीही झाकली.

२४/
याची कबुली स्वतः जिम वँगर्स यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्लोरी डेज’ या आपल्या आठवणींत दिली. ३४ वर्षांनंतरची साक्ष म्हणून तिच्याकडेही सावधपणे पाहायला हवे. म्हातारपणच्या आठवणीत बढाई मिसळते, आणि यशस्वी चकवा हीसुद्धा एक बढाईच. परंतु ही साक्ष देणारा माणूस घटनेच्या केंद्रस्थानी होता. तो जे सांगतो ते समकालीन आकड्यांतील तफावतीशी आणि भौतिकशास्त्राशी जुळते. तीन स्वतंत्र बाजू एकाच दिशेला निर्देश करतात, तेव्हा निष्कर्ष काढायला हरकत नसते.

२५/
आता दोन्ही जीटीओ शेजारी ठेवाव्यात. फेरारीने महासंघाला सांगितले की, ही जुनीच गाडी, कवच तेवढे नवे. पॉन्टियाकने आपल्या समितीला सांगितले की, हे मॉडेल नाही, पर्याय आहे. आणि मासिकाला सांगितले की, हे ३८९ आहे. तिन्ही ठिकाणी कागद एक बोलतो आणि धातू दुसरे. फरक एवढाच की, फेरारीचा दावा मान्य झाल्यावर तिला हजारो किलोमीटर, हजारो प्रेक्षकांसमोर, इतर गाड्यांशी प्रत्यक्ष झुंजावे लागले. पॉन्टियाकच्या आकड्याला तशी कसोटी द्यावी लागली नाही.

२६/
मग प्रामाणिक तुलना काय सांगते? शर्यतीच्या टायरांवर, निष्णात चालकाच्या हाती, नीट जुळवलेली पॉन्टियाक पाव मैलाच्या पट्ट्यावर फेरारीला जड गेली असती, यात अशक्य काही नाही. मोठ्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पीळ देण्याचे बळ, खालच्या फेऱ्यांवरच भरपूर असे आणि थांबल्या जागेवरून सुटताना तेच कामी येते. परंतु पहिले वळण आले की हिशेब उलटला असता. दीड टनाहून जड गाडी, साध्या टेम्पेस्टचेच ड्रम ब्रेक आणि संथ स्टीअरिंग. ‘कार लाइफ’ मासिकाने त्या ब्रेकांवर आणि स्टीअरिंगवर तेव्हाच बोट ठेवले होते. त्वरण हा कामगिरीचा एक तुकडा आहे. थांबणे हा दुसरा, आणि तो जाहिरातीत क्वचित येतो.

२७/
लेखाचा परिणाम मात्र खराखुरा होता. पाच हजारांच्या अंदाजाऐवजी १९६४ च्या मॉडेल वर्षात ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या. १९६६ मध्ये हा आकडा ९६ हजारांच्या पुढे गेला. ओल्ड्समोबिल, शेव्हरोले, फोर्ड, क्रायसलर अशा सर्वांनी मोठे इंजिन, मध्यम गाडी, परवडणारी किंमत हे सूत्र उचलले. यातून ‘मसल कार’ हा प्रकार रूढ झाला. डिलोरियन १९६५ मध्ये पॉन्टियाकचे प्रमुख झाले. या यशाचे सारे श्रेय एका लेखाला देणे चूक ठरेल. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी त्याच सुमारास वाहन परवान्याच्या वयात येत होती. त्या पिढीला एक आकडा हवा होता, आणि तो तिला मिळाला.

२८/
या आकड्याची दुसरी बाजू रस्त्यावर दिसते. १९६६ मध्ये अमेरिकेतील रस्त्यांवर ५० हजारांहून अधिक माणसे मेली. याचा दोष एका गाडीवर टाकता येत नाही. रस्ते, दारू, सीटबेल्टचा अभाव अशी अनेक कारणे होती. पण सुटण्याची गती वाढवण्यावर पैसा खर्च होत होता आणि थांबण्याची क्षमता जुनीच राहत होती, हे त्या काळच्या गाड्यांचे खरे चित्र आहे. राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक १९६५ मध्ये आले आणि १९६६ मध्ये अमेरिकेने वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा केला. वेगाच्या आकड्यांच्या जोडीला आता सुरक्षेचेही आकडे द्यावे लागणार होते.

२९/
पुढे विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट या तिहेरी माऱ्याने मसल कारचा बहर ओसरला. १९७४ नंतर पॉन्टियाकने जीटीओ बंद केली. २००४ ते २००६ या काळात ते नाव पुन्हा वापरले गेले; २०१० मध्ये पॉन्टियाक हे नावच इतिहासजमा झाले.

३०/
फेरारीलाही तिची युक्ती दुसऱ्यांदा फळली नाही. १९६४ मध्ये २५० एलएम ही मागे इंजिन असलेली गाडी अशीच जीटी म्हणून पुढे केली गेली. या वेळी महासंघाने पुरेशा गाड्या बांधल्या नाहीत म्हणून नकार दिला. संतापलेल्या एन्झो यांनी इटलीचा शर्यत परवाना परत केला. म्हणूनच १९६४ च्या अखेरच्या दोन ग्राँप्रीमध्ये फेरारीच्या गाड्या नेहमीच्या लाल रंगाऐवजी किनेत्ती यांच्या अमेरिकी संघाच्या निळ्या-पांढऱ्या रंगात धावल्या, आणि जॉन सर्टीझ यांनी त्याच रंगात मेक्सिकोत विश्वविजेतेपद निश्चित केले. नियमाशी खेळताना निकाल प्रत्येक वेळी आपल्या बाजूने लागत नाही.

३१/
१९८४ मध्ये फेरारीने जीटीओ हे नाव पुन्हा काढले. ग्रुप बी प्रकाराच्या मान्यतेसाठी किमान २०० गाड्या हव्या होत्या. फेरारीने २७२ बांधल्या. या खेपेस ‘ओ’ अक्षराला पूर्ण अर्थ होता. दैवाचा खेळ असा की, तो शर्यतप्रकार तिच्यासाठी सुरूच झाला नाही. मूळ ३६ गाड्यांचे मोल मात्र वाढतच गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात एक २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. एके काळी १८ हजार डॉलरना मिळणाऱ्या गाडीचे ६० मैलांचे सेकंद तेव्हा कोणी विचारले नाहीत.

३२/
इतिहासाच्या अभ्यासकाला या कथेत चार प्रश्न सापडतात. आकडा कोणी मोजला? मोजलेली वस्तू कोणी पुरवली? तीच वस्तू सामान्य माणसाला मिळत होती का? आणि दुसऱ्या स्वतंत्र साधनाशी तो आकडा जुळतो का? ४.६ सेकंद हा आकडा या चारही प्रश्नांवर अडखळतो. तरीही तो टाकून देण्याजोगा नाही. गाडीविषयी तो फारसे खरे सांगत नाही. पण १९६४ च्या अमेरिकेला काय ऐकायचे होते, हे तो अचूक सांगतो. खोटे साधनही साधनच असते, फक्त त्याला विचारायचा प्रश्न बदलावा लागतो.

३३/
मुखपृष्ठावरची ती शर्यत चित्रातच राहिली. लक्षावधी तरुणांनी ती मनात पुन्हा पुन्हा पाहिली आणि प्रत्येक वेळी आपल्या ऐपतीची गाडी जिंकली. पुढच्या वेळी एखाद्या नव्या मोटारीचे सेकंद ऐकून थक्क व्हायला झाले, तर एकदा बॉनेट उघडून पाहावे. आणि बाहेरून दोन इंजिने सारखीच दिसतात, हे विसरू नये.

(धागा समाप्त)